दोन कोटेशनं, एक मशीनशॉप: ईआरपीत काय स्क्रीनवर जमतं आणि कशाला कोड लागतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत मशीनशॉप, चाळीसेक माणसं. फौंड्र्यांकडून जॉबवर्कवर कास्टिंग येतं, मशिनिंग होऊन परत जातं. ईआरपीनेक्स्ट (स्टॉक, बिलं, हिशेब एकत्र सांभाळणारं ईआरपी सॉफ्टवेअर) बसवून वर्ष झालं, पण पार्टीच्या, म्हणजे फौंड्रीच्या, नमुन्यातलं मालासोबतचं चलन, इन्स्पेक्शन, कास्टिंगची शिल्लक आणि रिजेक्शन अजून एक्सेलमध्येच आहे. दोन सल्लागार येऊन गेले. पहिला म्हणतो, कोडची एक ओळ न लिहिता सगळं स्क्रीनवरून करून देतो, साठ हजार द्या. दुसरा म्हणतो, असल्या जुगाडानं वर्षभरात गाडी अडकेल, स्वतंत्र ॲपच लिहायला हवं, साडेपाच लाख. तर खरं कोण बोलतंय?

दोघंही अर्धं खरं बोलताहेत. ज्याला जे येतं ते तो विकतोय, यात गैर काही नाही, पण निर्णय त्यांच्यावर सोडू नका.

मी १९९८ साली फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस साधनावर सुरुवात केली. मग बरीच वर्षं टॅलीची टीडीएल (टॅलीत बदल करायची तिची स्वतःची भाषा) लिहिली आणि गेली दहा वर्षं मुख्यतः ईआरपीनेक्स्ट. ‘लो-कोड’, म्हणजे कोड जवळजवळ न लिहिता स्क्रीनवरूनच सॉफ्टवेअर जुळवणं, हा शब्द फॉरेस्टर या संस्थेनं २०१४ साली रूढ केला, पण वस्तू जुनीच आहे. फॉक्सप्रोमध्ये माउसनं फॉर्म आखून डेटाबेसला जोडता यायचा, तेव्हाही ‘आता प्रोग्रॅमर लागणार नाही’ असंच सांगत होते. प्रोग्रॅमर लागला. आधी नाही, दोन वर्षांनी लागला, आणि तोवर फॉर्म आखणारा नोकरी सोडून गेलेला असायचा.

पूर्वी मी काम सोपं की अवघड, यावरून ठरवायचो. सोपं असेल तर स्क्रीनवर, अवघड असेल तर कोडमध्ये. ही वाटणी चुकीची निघाली. आता मी एकच प्रश्न विचारतो: यात चूक झाली तर ती कोणाला आणि कधी दिसेल? चलनाच्या प्रिंटमध्ये हीट नंबर (कास्टिंग कुठल्या ओतणीतलं, तो क्रमांक) चुकीच्या रकान्यात आला, तर गेटवर ड्रायव्हर उभा असतानाच डिस्पॅचवाला ओरडतो. पाच मिनिटांत कळलं, दहा मिनिटांत दुरुस्त झालं. असली कामं स्क्रीनवर करायला काही हरकत नाही, कितीही किचकट असोत. उलट, दराचा किंवा शिल्लक नगांचा एक साधा गुणाकार चुकला, तर तो लेजरमध्ये जाऊन बसतो आणि मार्चअखेरीला किंवा पार्टीशी भांडण झाल्यावरच वर येतो. असला गुणाकार मी आता एका ओळीचा असला तरी स्क्रीनवरच्या खिडकीत लिहीत नाही.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. एका मशीनशॉपसाठी मी दराची स्क्रिप्ट लिहिली होती. ईआरपीनेक्स्टमध्ये ‘क्लायंट स्क्रिप्ट’ नावाची सोय आहे. स्क्रीनवर एक खिडकी उघडते, त्यात जावास्क्रिप्टच्या चार ओळी टाकायच्या, सेव्ह केलं की लगेच लागू. पार्टी आणि पार्ट निवडला की तारखेप्रमाणे दर आपोआप यायचा. मालक खूश, मी खूश. १ जुलैपासून एका फौंड्रीनं नगामागे काही रुपये वाढवून दिले, नवा दर टाकला, स्क्रीनवर तो बरोबर येत होता. पण तिथला अकाउंटंट महिन्याची बिलं एक्सेलमध्ये तयार करून ‘डेटा इम्पोर्ट’नं एकदम चढवायचा. क्लायंट स्क्रिप्ट चालते ती ब्राउझरमध्ये, फॉर्म उघडा असताना. इम्पोर्ट थेट सर्व्हरवर जातो, त्याला तिचा पत्ताच नसतो. एक्सेलमध्ये जुना दर होता, तोच बिलात गेला. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. दर जास्त लागला असता तर पार्टीनं दुसऱ्या दिवशी फोन केला असता. कमी लागला, मग पार्टी कशाला बोलेल? दिवाळीआधी मालकानं सहज हिशेब मांडला तेव्हा कळलं. फरकाच्या डेबिट नोटा काढल्या, फौंड्रीनं त्यातल्या निम्म्या मानल्या.

यात स्क्रिप्ट चुकीची नव्हती. ती चुकीच्या जागी होती. शिवाय दुसरी चूक माझीच. पार्टीनिहाय आणि ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत’ असा दर ठेवायची सोय ‘आयटम प्राइस’मध्ये तयारच असते. मी ती न पाहता स्वतःचं दरपत्रक बांधलं. मी करायला हवं होतं ते इतकंच: दर आयटम प्राइसमध्ये ठेवायचे आणि बिल सबमिट होताना सर्व्हरवर एक तपासणी लावायची, की बिलातला दर त्या तारखेच्या दराशी जुळतो का. मग बिल कुठूनही येवो.

म्हणून तुमच्या यादीकडे पाहताना पहिली गोष्ट: लो-कोड की कोड या वादाआधी तिसरा पर्याय पाहा, तो म्हणजे काहीच न करणं. इन्स्पेक्शन झाल्याशिवाय माल बाहेर जाऊ नये, यासाठी पहिल्या सल्लागारानं वर्कफ्लो सुचवलाय आणि दुसऱ्यानं त्याचे सत्तर हजार लावलेत. प्रत्यक्षात आयटम मास्टरमध्ये, म्हणजे प्रत्येक वस्तूच्या मूळ नोंदीत, ‘डिलिव्हरीपूर्वी इन्स्पेक्शन आवश्यक’ असा चौकोन आहे. त्यावर टिक करायची, आणि स्टॉक सेटिंग्जमध्ये इन्स्पेक्शन सबमिट नसेल तर अडवायचं की नुसता इशारा द्यायचा, ते निवडायचं. झालं. तसंच, फौंड्रीचं कास्टिंग तुमच्या स्टॉकमध्ये नगांनी दिसावं पण किमतीनं दिसू नये, यासाठी आयटमवर ‘ग्राहकानं दिलेला माल’ अशी खूण आहे, तो शून्य मूल्यानं आत घेता येतो. दोन्ही कोटेशनांत या गोष्टी ‘कस्टमायझेशन’ म्हणून आल्या आहेत. वाईट हेतूनं नसेलही. मास्टरमधले सगळे टॅब उघडून पाहायची सवय कमी झालीय, एवढंच.

चलनाचं प्रिंट सरळ पहिल्याला द्या. प्रिंट फॉरमॅट हा स्क्रीनवरच करायचा प्रकार आहे. प्रत्येक फौंड्रीचं चलन वेगळं, कोणाला हीट नंबर हवा, कोणाला पीओची (खरेदी ऑर्डरची) ओळ, कोणाला एका पानावर तीन प्रती. दर सहा महिन्यांनी ते बदलणार. त्यासाठी कोणी कोडरला फोन करू नये. तुमच्याच ऑफिसमधल्या एका मुलाला किंवा मुलीला ते शिकवून ठेवा, चार दिवसांचं काम आहे. खर्च मंजुरीचा वर्कफ्लोही तसाच: मसुदा, सुपरवायझर, मालक, मंजूर, आणि कोणत्या भूमिकेला कोणतं बटण दिसेल. सूचना, ईमेल, शॉपफ्लोअरवरच्या फॉर्मवर ‘शिफ्ट’, ‘मशीन’, ‘कारण’ अशी मराठी लेबलं, नको असलेली फील्ड लपवणं, हे सगळं स्क्रीनवरच. ऑपरेटरला ‘वेअरहाऊस’ची गरज नसते, त्याला ‘कुठून आलं’ पुरतं.

नवीन फील्ड घालताना मात्र हात आखडता ठेवा. ही सगळ्यांत सोपी गोष्ट म्हणून लोक सैल सुटतात. ईआरपीनेक्स्टच्या खाली मारियाडीबी हा डेटाबेस आहे आणि तिथं टेबलातल्या एका ओळीची कमाल लांबी ६५,५३५ बाइट आहे. साधं ‘डेटा’ किंवा ‘लिंक’ फील्ड १४० अक्षरांचं असतं, आणि देवनागरी, इमोजी सगळं मावावं म्हणून प्रत्येक अक्षराला चार बाइट धरले जातात. म्हणजे एका फील्डला ५६० च्या वर. भागाकार करा, अशी जेमतेम ११६ फील्डं एका टेबलात मावतात, आणि सेल्स इनव्हॉइसमध्ये मूळचीच भरपूर असतात. एका ठिकाणी आम्ही चाळिसाव्या कस्टम फील्डला अडकलो, ‘रो साइझ टू लार्ज’. निम्मी फील्डं ‘स्मॉल टेक्स्ट’ प्रकारात बदलली तेव्हा सुटलो, कारण तो मजकूर ओळीच्या त्या मापात जवळजवळ धरला जात नाही. कोड न लिहिणाऱ्याला ही भिंत दिसत नाही, एवढाच मुद्दा. भिंत असतेच.

आता खरं दुखणं, रिजेक्शन. इथं मी थोडा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या साडेपाच लाखांचं उत्तर यातच आहे.

मशीनशॉपमध्ये रिजेक्शन दोन जातींचं: सीआर म्हणजे कास्टिंगचा दोष आणि एमआर म्हणजे मशिनिंगचा. पाचशे नग एका चलनावर आले. पहिला कट मारल्यावर अठरा नगांत ब्लोहोल (ओतताना आत राहिलेल्या पोकळ्या) उघडे पडले, ते सीआर. चार नग ऑपरेटरनं साइझमधून घालवले, ते एमआर. सीआरवर फौंड्री तोवर झालेल्या ऑपरेशनची मजुरी देते किंवा देत नाही, ते पार्टीवर अवलंबून. एमआरवर कास्टिंगची किंमत तुमच्या नावे डेबिट पडते. काही पार्ट्या ठरलेल्या टक्क्यापर्यंत एमआर सोडून देतात. इथवर कागदावर सोपं आहे, आणि पहिल्या सल्लागारानं डेमोत इथवरच दाखवलं असणार: एक फॉर्म, त्यात सीआर-एमआरचं ड्रॉपडाउन, खाली बेरीज.

मग पंधरा दिवसांनी फौंड्रीचा माणूस जॉइंट इन्स्पेक्शनला येतो, सीआरच्या ढिगातले सहा नग बाजूला काढतो आणि म्हणतो, हा ब्लोहोल नाही, तुमच्या टूलनं चिप उडवलीय. चहा होतो, वाद होतो, सहा नग एमआरमध्ये जातात. आता आधीच्या महिन्यात झालेली नोंद उलटवायची आहे. डेबिट वाढणार, मजुरीचं बिल गेलं असेल तर तेही फिरणार, पण नगांची शिल्लक मात्र हलता कामा नये. स्क्रीनवर जोडलेल्या साधनांना पुढं जाणं छान जमतं. मागं येणं जमत नाही, आणि धंद्यातला निम्मा हिशेब मागं येण्याचाच असतो: चलन रद्द, परत आलेला माल, बदललेला निर्णय.

यात भर जीएसटीची. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला दिलेला कच्चा माल एका वर्षात परत यायला हवा. नाही आला, तर माल पाठवला त्या दिवशीच विक्री झाली असं धरलं जातं. जबाबदारी फौंड्रीची, आयटीसी-०४ (जॉबवर्कला गेलेल्या मालाचं जीएसटी विवरणपत्र) तीच भरते, पण आकडे ती तुमच्याकडे मागणार: आमच्या अमुक चलनावरचे किती नग अजून तुमच्याकडे आहेत? तुम्ही परत पाठवता ते नग मिसळून जातात. मग परतीचा प्रत्येक नग कोणत्या आवक चलनावर टाकायचा, आधी आलेलं आधी या न्यायानं की हीट नंबर पाहून? सीआरचे नग त्याच हीटवर टाकायचे ना? हा रिपोर्ट एखाद्या एसक्यूएल क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या एका प्रश्नात, कोंबता येतो. मी कोंबलाय. नंतर तो मलाच वाचता आला नाही.

हा भाग कोडमध्ये करा, आणि तोही गिटमध्ये (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात) ठेवलेल्या छोट्या स्वतंत्र ॲपमध्ये. ‘रिजेक्शन निर्णय’ नावाचा एक डॉकटाइप, म्हणजे ईआरपीनेक्स्टमधला कागदाचा एक नवा प्रकार. सबमिट केला की नग त्या-त्या गोदामात हलवणारी स्टॉक एंट्री आपोआप बनेल, रद्द केला की तीच उलटेल. फॉर्म हवा तर स्क्रीनवरच आखा, डेव्हलपर मोड चालू असेल तर त्याची फाइल ॲपच्या फोल्डरमध्ये उतरते आणि मग तोही कोडबरोबर गिटमध्ये राहतो. त्यावर नियम पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत. आणि सोबत चाचण्या, ज्यांचं उदाहरण तुम्हीच कागदावर लिहून द्यायचं. असं: आवक ५००. सीआर १८, एमआर ४, चांगले पाठवले ४३०. शिल्लक ४८ यायला हवी. मग सहा नग सीआरमधून एमआरमध्ये गेले. सीआर १२, एमआर १०, शिल्लक तीच ४८, डेबिट सहा कास्टिंगांनी वाढलेलं. मग तो निर्णय रद्द केला. सगळं पुन्हा १८ आणि ४ वर. ही चाचणी दर अपग्रेडला एका कमांडनं चालते आणि हिरवी किंवा लाल होते. स्क्रीनवरच्या जोडणीला ही सोय सहज मिळत नाही. तिथं अपग्रेडनंतर माणूस बसून पाहतो, पहिल्या वर्षी नीट पाहतो, तिसऱ्या वर्षी पाहत नाही.

मधला पर्याय म्हणून ‘सर्व्हर स्क्रिप्ट’ सांगतील. पायथन आहे, सर्व्हरवर चालतं, म्हणजे माझी डेटा इम्पोर्टची अडचण सुटते, आणि तरीही स्क्रीनवरच्या खिडकीत लिहिता येतं. लहान तपासण्यांना ठीक आहे, ती दराची तपासणी तात्पुरती तिथं ठेवली तरी चालेल. पण ते पिंजऱ्यातलं पायथन आहे. बाहेरची लायब्ररी घेता येत नाही, मोजकी फंक्शनंच मिळतात. ईआरपीनेक्स्ट ज्यावर उभं आहे त्या फ्रॅपेच्या आवृत्ती १५ पासून सुरक्षेसाठी ही सोय मुळात बंदच ठेवलेली असते, सर्व्हर हातात असेल तर चालू करता येते. तुमची साइट इतरांबरोबर सामायिक होस्टिंगवर असेल, तर आधी विचारून घ्या. खिडकीतला मजकूर डेटाबेसमध्ये राहतो, गिटमध्ये नाही. गेल्या महिन्यात काय होतं आणि कोणी का बदललं, याचं नीट उत्तर मिळायला वेगळी शिस्त लावावी लागते. ती लावता येते, कस्टमायझेशन फाइलींत निर्यात करून ठेवता येतं, पण ‘कोड नकोच’ म्हणणारा सल्लागार हे सहसा करत नाही.

स्क्रिप्ट कोणाचीही असो, एक गोष्ट शोधून पाहायला लावा: डेटाबेसमध्ये थेट आकडा किंवा मजकूर लिहिणारी ओळ आहे का? फ्रॅपेत ‘डीबी डॉट सेट व्हॅल्यू’ अशी सोय आहे, पटकन काम होतं म्हणून सगळे वापरतात. ती कागदपत्राच्या नेहमीच्या तपासण्या चालवत नाही आणि बदलाच्या नोंदवहीतही काही लिहीत नाही. तुमची फर्म भागीदारी असेल तर एक वेळ ठीक. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं आणि ती बंद करता न येणं कंपनी नियमांप्रमाणे बंधनकारक आहे, आणि ऑडिटरला त्यावर अहवालात लिहावं लागतं.

दुसऱ्या सल्लागाराबद्दलही बोललं पाहिजे, नाहीतर मी कोडवाल्यांचा वकील वाटेन. साडेपाच लाखांत तो चलन, वर्कफ्लो, इन्स्पेक्शन, मंजुऱ्या सगळंच ॲपमध्ये लिहिणार आहे. म्हणजे उद्या चलनावर एक ओळ वाढवायची तरी त्याला फोन. कोडचं ओझं लिहिताना नसतं, सांभाळताना असतं. ईआरपीनेक्स्टची नवी मोठी आवृत्ती आली की तुमचं ॲप तिच्याशी जुळवावं लागतं, आणि जितका कोड जास्त तितकी ती जुळवाजुळव लांबते. आवृत्ती १४ पासून भारतीय जीएसटीचा सगळा भाग ‘इंडिया कम्प्लायन्स’ या वेगळ्या ॲपमध्ये गेला. ज्यांनी जुन्या जीएसटीच्या फील्डांवर स्वतःचा कोड बेतला होता, त्यांनी तो बदल होताना रात्री जागवल्या. आणि त्याहून वाईट प्रकार म्हणजे मूळ ईआरपीनेक्स्टच्या फाइलींतच हात घालणं. सॉफ्टवेअर मुक्त आहे, मुंबईच्या फ्रॅपेनं सगळा कोड उघडा ठेवलाय, म्हणून मोह होतो. एका ओळीसाठी कोणी हे केलं असेल तर तुमचा पुढचा अपडेट तिथंच अडकेल. दुसऱ्याला स्पष्ट विचारा: मूळ कोडला हात न लावता हुक्समधून (बाहेरचा कोड जोडायच्या ठरलेल्या जागांतून) करणार ना?

कोडमध्येही न जाणारी एक जात आहे: बदलता आकडा. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले. तुमच्यासारख्या, इतर कुठल्याच नोंदीत न बसणाऱ्या सर्वसाधारण जॉबवर्कचा दर १२ वरून १८ टक्क्यांवर गेला. माझ्या ओळखीत एका ठिकाणी स्क्रिप्टमध्ये १२ हा आकडाच लिहून ठेवला होता, दुसऱ्या ठिकाणी तोच आकडा ॲपच्या पायथनमध्ये होता. लो-कोडवाला आणि कोडवाला दोघंही सारखेच अडकले, उलट लो-कोडवाला लवकर सुटला, कारण त्याला फाइल चढवायची नव्हती. ज्यांच्याकडे आयटमच्या टॅक्स टेम्पलेटमध्ये ‘या तारखेपासून’ असा रकाना भरलेला होता, त्यांना तो दिवस कळलाही नाही. दर, टक्के, मुदतीचे दिवस, एमआरची सूट: हे सगळं मास्टरमध्ये, जिथं अकाउंटंट स्वतः बदलू शकेल.

तुम्ही विचारलंय की ईआरपीनेक्स्ट सोडून दुसऱ्या कुठल्या लो-कोड साधनात हे सोपं होईल का. भिंती सगळीकडे आहेत, फक्त जागा वेगळ्या. मायक्रोसॉफ्टच्या पॉवर ॲप्समध्ये एखादा शोध मूळ डेटाबेसकडे सोपवता येत नसेल, तर ॲप पहिल्या ५०० ओळी आणून त्यातच शोधतं. सेटिंग बदलून हा आकडा २००० पर्यंत नेता येतो, पुढं नाही. डेमोत शंभर चलनं असतात म्हणून सगळं चालतं. दोन हजारांपुढं गेल्यावर बेरीज गुपचूप कमी येते, वापरणाऱ्याला त्रुटीचा संदेश दिसत नाही. सेल्सफोर्स या ग्राहक-नोंदीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘वर्कफ्लो रूल’ आणि ‘प्रोसेस बिल्डर’ ही दोन लो-कोड साधनं कंपनीनंच निवृत्त केली, ३१ डिसेंबर २०२५ ला त्यांचा सपोर्ट संपला आणि सगळ्यांना ‘फ्लो’कडे जावं लागलं. म्हणजे ‘कोड सांभाळावा लागतो, लो-कोड नाही’ हेही खरं नाही. टॅलीत टीडीएल आहे, तिला लो-कोड म्हणा की कोड म्हणा, पण तिथली एक गंमत लक्षात ठेवा: बऱ्याच जणांकडे फक्त बंद केलेली टीसीपी फाइल असते, मूळ टीडीएल लिहिणाऱ्याकडेच. तो गेला की फाइल चालू राहते आणि बदल थांबतो. तुमच्या कोटेशनांत मूळ कोड कोणाकडे राहणार, याचा उल्लेख दोन्हीकडे नाही. गिटचं खातं तुमच्या कंपनीच्या ईमेलवर काढा आणि सल्लागाराला त्यात बोलवा. उलटं नको.

एआयबद्दल विचारलंय म्हणून: हो, आता सर्व्हर स्क्रिप्ट असो की पायथन, चॅटबॉट दोन मिनिटांत लिहून देतो, आणि बरं देतो. त्यामुळे ‘कोड महाग, लो-कोड स्वस्त’ हे गणित बदललंय. चाचणीचं उदाहरण मात्र तो तुमच्यासाठी शोधून काढत नाही. जॉइंट इन्स्पेक्शनला सहा नग फिरतात, हे त्याला कोण सांगणार? तुम्हीच.

तर करायचं काय. दोन्ही कोटेशनं जशीच्या तशी घेऊ नका. या आठवड्यात स्वतः बसून मास्टरमधल्या त्या टिका लावा, प्रॉडक्शनवर (रोजच्या चालू साइटवर) नाही, साइटची प्रत काढून तिच्यावर. पहिल्याला चलनाचे प्रिंट, मंजुरीचा वर्कफ्लो आणि फॉर्मची सफाई एवढंच काम द्या. साठ हजार त्याला थोडे जास्त होतील, घासाघीस करा, पण केलेलं कस्टमायझेशन फाइलींत निर्यात करून द्यायची अट घाला. मग गेल्या तीन महिन्यांची सीआर-एमआरची एक्सेल उघडा आणि ज्यावर भांडण झालं अशी पाच चलनं निवडा. सरळसोट चलनं नकोत. प्रत्येकाची आवक, सीआर, एमआर, फिरलेले नग, पाठवलेले नग, शेवटची शिल्लक आणि डेबिट हातानं लिहा. तो कागद दुसऱ्याला द्या आणि म्हणा, फक्त एवढ्याचं कोटेशन द्या, हे पाच हिशेब चाचणी म्हणून चालवून दाखवा, मगच पैसे. आकडा साडेपाच लाखांच्या बराच खाली येईल. नाही आला तर का नाही, हे तो कागद समोर ठेवून सांगू शकेल, आणि त्याचं कारण पटण्यासारखंही असू शकतं, विशेषतः हीटनिहाय हिशेब मागितलात तर.

बोरिंगचा, म्हणजे मशिनिंगमध्ये निघणाऱ्या धातूच्या चुऱ्याचा, प्रश्न तुम्ही शेवटी एका ओळीत टाकलाय, की बोरिंगच्या वजनाचा हिशेबही सिस्टिममध्ये हवा. तो आत्ता घेऊ नका. काही फौंड्र्या बोरिंग परत मागतात, काही तुमच्याकडेच सोडतात आणि त्या हिशेबानं मजुरी कमी धरतात, आणि तुमच्या निम्म्या पार्ट्यांशी याबद्दल लेखी काहीच ठरलेलं नाही असं तुम्हीच लिहिलंय. नोंदणीकृत जॉबवर्कर स्वतःच्या जागेवरून कर भरून भंगार विकू शकतो, कायद्याची अडचण नाही. अडचण ठरावाची आहे. प्रत्येक पार्टीशी ते आधी कागदावर ठरवा, तोवर बोरिंग एक्सेलमध्येच राहू द्या.